मॉनिटरचा नंबर मॉनिटरलाच विचारा

प्रति,
डेडस्टॉक पडताळणी समिती, खरेदी समिती आणि या दोन्ही समित्यांच्या कागदांवर शेवटची सही करणारे सर्व मान्यवर,
राज्यातील शासकीय व अनुदानित महाविद्यालये

विषय : संगणक प्रयोगशाळांतील मॉनिटरची वार्षिक पडताळणी

महोदय, महोदया,



मार्चअखेर जवळ आली की आपल्या कार्यालयातून एक परिपत्रक निघते. सर्व विभागप्रमुखांनी आपापल्या विभागातील जडवस्तूंची, म्हणजे डेडस्टॉकची, प्रत्यक्ष पडताळणी करून अहवाल आठ दिवसांत सादर करावा. विलंब झाल्यास त्याची जबाबदारी संबंधितांची राहील. मजकूर वर्षानुवर्षे तोच, बदलतो तो जावक क्रमांक आणि तारीख. हे परिपत्रक एकेका टेबलावरून खाली उतरत शेवटी संगणक प्रयोगशाळेच्या सहायकाच्या, म्हणजे माझ्या, पुढ्यात येऊन थांबते. ‘संबंधित’ म्हणजे कोण, हे आम्हाला विचारावे लागत नाही.

त्या आठ दिवसांत लॅबमध्ये काय चालते हे आपण पाहिलेले नसावे, कारण समिती येते ती अहवाल तयार झाल्यावर. लॅब अटेंडंट मॉनिटर पुढे कलता करून धरतो. मी मोबाइलचा टॉर्च लावून टेबल आणि भिंत यांच्या फटीत डोके घालते. स्टिकर असते मॉनिटरच्या पाठीवर, कधी स्टँडच्या मानेमागे, भिंतीवर टांगलेल्या मॉनिटरच्या बाबतीत तर थेट पट्टीखाली झाकलेले. अक्षरे बारीक, वर्षानुवर्षांच्या पुसण्याने निम्मी उडालेली. मी वाचते, तिसरा कोणी तरी लिहितो. आठ की बी? शून्य की ओ? पाच की एस? लिहिणारा ओरडून विचारतो, ‘डी फॉर दिल्ली का टी फॉर ठाणे?’ एवढ्यात पुढच्या प्रॅक्टिकलची बॅच दारात येऊन उभी राहते. यादी पुरी झाली की ती रजिस्टरशी जुळत नाही, कारण गेल्या वर्षी वाचणाऱ्यालाही आठ आणि बी सारखेच दिसले होते. मग जुनाच आकडा खरा धरून ‘मागील पानावरून पुढे चालू’.

हा सगळा काखेत कळसा आणि गावाला वळसा आहे. तो नंबर त्याच मॉनिटरच्या पोटात लिहिलेला असतो, आणि समोरचा संगणक तो एरवीही वाचतच असतो.

मॉनिटरमध्ये एक लहानशी मेमरी असते. केबल जोडली की संगणक तिच्याकडे चौकशी करतो : तू कोणाचा, तुला कुठले रिझोल्यूशन झेपते? उत्तरादाखल १२८ बाइटचा मजकूर येतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने हे मानक १९९४ मध्ये आणले, म्हणजे आपल्या बहुतेक महाविद्यालयांत संगणकाची लॅब सुरू होण्याच्याही आधी. पहिले आठ बाइट ठरीव छापाचे असतात, त्यावरून पुढचा मजकूर ईडीआयडीच आहे हे ओळखायचे. नवव्या-दहाव्यात कंपनीची तीन अक्षरे, पुढच्या दोनांत मॉडेलचा संकेत, त्यानंतरच्या चारांत अनुक्रमांक, मग उत्पादनाचा आठवडा आणि मग वर्ष. वर्ष १९९० पासून मोजतात. तिथे २९ असेल तर मॉनिटर २०१९ चा. पुढे अठरा-अठरा बाइटचे चार रकाने. त्यांतल्या एकात बहुधा मॉडेलचे नाव आणि दुसऱ्यात अक्षरी अनुक्रमांक, जास्तीत जास्त तेरा अक्षरांचा. शेवटचा बाइट असा बेतलेला असतो की सगळ्या १२८ बाइटची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी. ताळा जुळल्याशिवाय मजकूर खरा धरायचा नाही, ही शिस्त लेखापरीक्षकांना तरी आवडावी.

त्या तीन अक्षरांचीही एक गंमत सांगते. डेलचा मॉनिटर ‘डीईएल’ म्हणतो, सॅमसंगचा ‘एसएएम’, एसरचा ‘एसीआर’. एलजीचा मात्र ‘जीएसएम’ म्हणतो. ही मोबाइलची भानगड नव्हे. ते गोल्डस्टार या जुन्या नावाचे अवशेष आहेत. कंपनीने पाटी बदलली, पण चिपमधले आडनाव माहेरचेच राहिले. डेडस्टॉकची यादी करताना हे ठाऊक नसले तर एलजीचे मॉनिटर कुठल्या तरी अनोळखी कंपनीच्या खात्यावर जातात.

आता प्रश्न हा मजकूर मिळवायचा कसा. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. पॉवरशेल त्यातच असते. ‘गेट-सिमइन्स्टन्स’ ही आज्ञा, ‘रूट’खालची ‘डब्ल्यूएमआय’ ही नेमस्पेस आणि ‘डब्ल्यूएमआयमॉनिटरआयडी’ हा क्लास, एवढे लिहिले की जोडलेल्या प्रत्येक मॉनिटरची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष समोर येते. पहिल्यांदा पाहणारा मात्र दचकतो, कारण अनुक्रमांकाच्या जागी आकड्यांची रांग दिसते : ६७, ७८, ४८, ५३ आणि शेवटी ओळीने शून्ये. त्यात बिघाड काही नाही. प्रत्येक आकडा एकेका अक्षराचा संकेत आहे; ६७ म्हणजे सी, ७८ म्हणजे एन, ४८ म्हणजे शून्य, ५३ म्हणजे पाच. शेवटची शून्ये गाळायची आणि बाकीच्यांची अक्षरे करायची, हे काम स्क्रिप्टची एक ओळ करते. पुष्कळ जण इथेच फसतात आणि ‘विन३२ डेस्कटॉपमॉनिटर’ नावाच्या दुसऱ्या क्लासकडे वळतात. त्याचे नाव आश्वासक आहे, पण त्यात अनुक्रमांक नाही; बहुतेक वेळा ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ एवढेच उत्तर मिळते. म्हणजे ‘मॉनिटर’ या प्रश्नाला ‘मॉनिटर’ हेच उत्तर. लिनक्सच्या लॅबमध्ये काम त्याहून सोपे आहे. तिथे कर्नल हा मजकूर सरळ फाइलसारखा मांडून ठेवतो आणि ‘एडिड-डिकोड’ नावाचे साधन तो उलगडून दाखवते.

हे सगळे आपल्याला सांगण्याचे कारण तांत्रिक नाही. आपण ज्या रजिस्टरवर सही करता त्यातला नंबर आणि टेबलावरचा मॉनिटर यांचे नाते बहुतेक ठिकाणी पहिल्या परीक्षेपर्यंतच टिकते. माल येतो तेव्हा बिलावर खोक्यांवरचे नंबर असतात. व्हेंडरची मुले एका दिवसात सगळे जोडून जातात. कुठल्या खोक्यातला मॉनिटर कुठल्या सीपीयूला लागला, हे कोणी लिहीत नाही. रजिस्टरमध्ये मात्र ‘पीसी क्र. १४ : सीपीयू अमुक, मॉनिटर तमुक’ अशी जोडी लागलेली असते, जणू सात फेरे झालेत. पुढे विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा येते. ऐन वेळी एक मॉनिटर लुकलुकतो, शेजारचा उचलून तिथे लावला जातो, परीक्षा पार पडते. ते बरोबरच केलेले असते. नोंद तेवढी करायची राहते.

आणि मग हिशेब चुकतो. मी पूर्वी जिथे नोकरी केली त्या एका संस्थेत असाच एक मॉनिटर ‘कमी’ भरला. समितीने अहवालात लिहिले, ‘एक नग आढळून आला नाही.’ लॅबची किल्ली अटेंडंटकडे, म्हणून वसुली अटेंडंटच्या पगारातून. त्याने कुठे गहाळ केला, कोणाला दिला, काय पुरावा, असे कोणी विचारले नाही. किल्ली हाच पुरावा. त्याच्या कन्येची बारावी होती त्या वर्षी, एवढे मला आठवते, कारण हप्ता कापलेली पगाराची स्लिप त्याने मला दाखवली तेव्हा आधी क्लासच्या फीबद्दल बोलला आणि मग मॉनिटरबद्दल.

विंडोजच्या रजिस्ट्रीत एक जागा आहे, जिथे त्या संगणकाला आजवर जोडल्या गेलेल्या प्रत्येक मॉनिटरचा ईडीआयडी साठून राहतो. विंडोज नव्याने टाकले नसेल तर जुन्या मॉनिटरच्या खुणा तिथे सापडतात. तिथे शोधले तर त्या लॅबच्या एका संगणकात हरवलेल्या नंबरची खूण होती. म्हणजे मॉनिटर लॅबमध्ये येऊन लागलेला होता, खोक्यातून परस्पर गेलेला नव्हता. मग मॉनिटरचे नंबर वाचणारी छोटी स्क्रिप्ट पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही इतर विभागांत फिरलो. परीक्षा विभागातल्या एका टेबलावर तो मॉनिटर व्यवस्थित चालू होता. निकालाच्या घाईत कोणी तरी तोंडी सांगून नेला होता आणि परत द्यायचे राहून गेले होते. वसुली थांबली. कापलेले हप्ते परत मिळायला मात्र पुढचे आर्थिक वर्ष उजाडले. तोंडी सांगून मॉनिटर नेणाऱ्याला साधी विचारणाही झाली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की स्क्रिप्टची यादी समोर नसताना ‘आढळून आला नाही’ हे वाक्य लिहू नका. आधी संस्थेतल्या प्रत्येक चालू संगणकाला विचारा, मग माणसाला विचारा.

स्क्रिप्टवर आंधळा विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. तिच्या खोडी मला चांगल्या ठाऊक आहेत. स्वस्तातल्या काही व्हीजीए केबलमध्ये बारा आणि पंधरा क्रमांकाच्या पिना जोडलेल्याच नसतात, आणि मॉनिटरची माहिती नेमकी त्यांच्यावरूनच येते. चित्र दिसते, पण ओळख पटत नाही. मध्ये स्प्लिटर किंवा केव्हीएम स्विच असला तर कधी मॉनिटरऐवजी ती डबीच आपली ओळख सांगते. प्रोजेक्टर आणि टीव्हीही स्वतःला मॉनिटर म्हणवतात. लॅपटॉपच्या पडद्याला बहुधा अनुक्रमांकच नसतो. रिमोट डेस्कटॉपने शिरून विचारले तर हाती शून्य किंवा त्रुटीचा संदेश येऊ शकतो. कपाटातला, गॅलरीत रचलेला, बंद पडलेला मॉनिटर कुठल्याच केबलला नसतो, त्याच्यासाठी टॉर्च लागणारच. पण दोन डझन मॉनिटर कलते करून वाचणे आणि पाच वाचणे यांत फरक आहे.

सगळ्यांत मोठी खोड मात्र कंपन्यांची आहे, आणि ती खरेदी समितीने निस्तरायची आहे. काही मॉनिटरमध्ये अनुक्रमांकाच्या चार बाइटांत १६८४३००९ हा आकडा येतो. पहिल्यांदा तो खराच वाटतो. दहा मॉनिटरना तोच आला की उलगडा होतो : चारही बाइटांत नुसता एक-एक भरलेला आहे. कारखान्यात रकाना भरायचा म्हणून काही तरी टाकले आहे. असेम्बल्ड संगणकांच्या बायोसमध्ये याचाच भाऊ भेटतो; मशीनचा अनुक्रमांक विचारला तर ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ असे उत्तर येते, म्हणजे पुढच्याने भरावा म्हणून मागच्याने सोडलेला आणि कोणीच न भरलेला रकाना. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. काही कंपन्यांच्या स्टिकरवरचा नंबर लांबलचक असतो आणि तेरा अक्षरांत मावत नाही, म्हणून चिपमध्ये त्याचा तुकडाच येतो. एसरच्या कित्येक मॉडेलांत तर पूर्ण नंबर मिळवायला अक्षरी अनुक्रमांक मधोमध फोडून त्यात चार बाइटांचा आकडा घालावा लागतो. हे एकदा कळले की स्क्रिप्टमध्ये बसवता येते. न कळले तर लेखापरीक्षणात ‘नंबर जुळत नाही’ असा शेरा बसतो आणि त्याचे उत्तर देत आमची संध्याकाळ जाते.

जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून घ्या किंवा निविदा काढून घ्या, अटींमध्ये आपण पडद्याचा आकार, पॅनेलचा प्रकार, वॉरंटीची वर्षे सगळे लिहिता. आणखी एक ओळ लिहा : मॉनिटरच्या ईडीआयडीमध्ये प्रत्येक नगाचा स्वतंत्र अनुक्रमांक असावा, आणि तो स्टिकरवरच्या क्रमांकाशी कसा जुळतो ते पुरवठादाराने लेखी द्यावे. माल ताब्यात घेताना, बिलावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असा शिक्का मारण्याआधी, प्रत्येक मॉनिटर एकदा संगणकाला लावून त्याची ओळ काढा. त्याच वेळी उत्पादनाचे वर्ष बघा. बिल यंदाचे आणि मॉनिटर चार वर्षांपूर्वीचा असेल तर हा माल कोणाच्या गोदामात एवढे दिवस पडून होता, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. फक्त एक सांभाळा. आठवड्याच्या जागी २५५ असेल तर पुढचे वर्ष उत्पादनाचे नसून मॉडेलचे असते. तेवढ्यावरून व्हेंडरशी भांडू नका.

हेच वर्ष निर्लेखनाच्या वेळी कामाला येते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत आणि जुना मॉनिटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकून मोकळे होण्याचे दिवस गेले. तो नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांच्याकडेच जायला हवा. त्या वेळी ‘एलसीडी मॉनिटर, नग पंधरा, अंदाजे जुने’ अशी यादी कशी चालेल? मॉनिटर चालू असतानाच त्याची ओळ काढून ठेवलेली असेल तर तो बंद पडल्यावर त्याच्या वयाचा अंदाज बांधत बसावे लागत नाही.

आता अडचणीची गोष्ट. हे सारे मी उद्या सुरू करू शकते का? अनेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण लॅबच्या संगणकांचा ॲडमिन पासवर्ड लॅबमध्ये नसतो. तो एएमसीवाल्याकडे, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराकडे, असतो. संगणक संस्थेचे, विजेचे बिल संस्थेचे, जबाबदारी आमची आणि पासवर्ड बाहेरच्याच्या खिशात. एका जागी बसून सगळ्या लॅबला विचारायचे तर प्रत्येक संगणकावर रिमोट मॅनेजमेंट चालू करावे लागते आणि त्याला ॲडमिनची परवानगी लागते. एएमसीवाला म्हणतो, पुढच्या व्हिजिटला बघू. जिथे डोमेन आहे तिथे संगणक सुरू होतानाच स्क्रिप्ट चालावी आणि सामायिक फोल्डरमध्ये एक ओळ टाकावी, एवढी व्यवस्था पुरते. जिथे डोमेन नाही तिथे पेन ड्राइव्ह घेऊन फिरायला आमची हरकत नाही, मान वाकडी करण्यापेक्षा ते बरे. पैसे खर्चून मोठे सॉफ्टवेअर घेण्याची तर मुळीच गरज नाही. जीएलपीआय आणि ओसीएस इन्व्हेंटरी ही मुक्त सॉफ्टवेअर मॉनिटरचेही नंबर गोळा करतात.

प्राध्यापक मंडळींची एक शंका रास्त आहे. संगणकांतून माहिती काढणार म्हणजे आमच्यावर नजर ठेवणार का? याचे उत्तर आपण आदेशातच द्यावे. स्क्रिप्टने संगणकाचे नाव, मॉनिटरची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, उत्पादनाचे वर्ष, कुठल्या केबलने जोडला आहे ते आणि तारीख एवढेच घ्यावे. कोण लॉगिन होते, काय उघडले होते, यातले काही घेऊ नये, आणि स्क्रिप्टचा मजकूर ज्याला बघायचा त्याला बघता यावा. तो जेमतेम पानभर असतो.

रजिस्टरही थोडे बदलावे लागेल. आपली जडवस्तू नोंदवही कपाटे, बाके आणि फळे यांच्यासाठी आखलेली आहे. बाकाला नंबर घातला की तो खोलीतून सहसा हलत नाही. मॉनिटर हलतो, आणि हलायलाच हवा. म्हणून त्याला सीपीयूच्या ओळीला बांधू नका. त्याची स्वतंत्र ओळ करा, तिच्यात स्टिकरवरचा नंबर आणि चिपमधला नंबर शेजारी शेजारी लिहा, आणि ‘सध्या कुठे’ या रकान्यात तारखेसह ठिकाण येऊ द्या. छापील रजिस्टरात रकाने नाहीत म्हणून हे होत नसेल तर स्क्रिप्टची यादी दर तीन महिन्यांनी छापून, सही-शिक्क्यानिशी त्याला जोडा. लेखापरीक्षकांना कागद लागतो, तो मिळेल. केंद्रीय संस्थांना लागू असलेल्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१३ सुद्धा वर्षातून किमान एकदा पडताळणी करा असे सांगतो. ती टॉर्च लावून करा असे कुठे म्हटलेले नाही. प्रत्यक्ष पडताळणीची अट पुरी व्हायला समितीने यादी हातात घेऊन लॅबमध्ये यावे, कुठलेही पाच मॉनिटर आपल्या पसंतीने निवडावेत, ते कलते करून स्टिकर स्वतः वाचावे. टॉर्च मी देईन.

येत्या मार्चचे परिपत्रक लिहायला घ्याल तेव्हा जुन्या मजकुरात ही भर घालावी : ‘संगणक विभागाने चालू स्थितीतील सर्व मॉनिटरची यादी स्क्रिप्टद्वारे काढून सादर करावी. जोडणीत नसलेल्या मॉनिटरचीच प्रत्यक्ष वाचून स्वतंत्र यादी द्यावी. दोन्ही याद्या व खरेदीची बिले यांची तुलना होईपर्यंत कोणत्याही कर्मचाऱ्यावर वसुली प्रस्तावित करू नये. एएमसीधारकाने सर्व संगणकांचे ॲडमिन पासवर्ड पंधरा दिवसांच्या आत बंद लिफाफ्यात प्राचार्यांकडे जमा करावेत, अन्यथा त्यांचे पुढील देयक रोखण्यात येईल.’

शेवटच्या वाक्यावर कोणी तरी हरकत घेईल. कोण घेतो ते जरूर पाहून ठेवावे.

कळावे,

आपली नम्र,
एक प्रयोगशाळा सहायक, संगणक विभाग